तीन आउटबोर्ड, एक सीझन: फोर स्ट्रोक मशिनाला तेल कुठलं घालायचं

२८ ऑगस्ट, देवबाग

पाऊस अजून आहे पण सप्टेंबरात वॉटर स्पोर्ट्स सुरू होणार म्हणून शेडमधलं प्लास्टिक आज काढलं. तीन फायबर होड्या, तिन्हीला मागे बाहेरून लावलेलं (म्हणजेच आउटबोर्ड) यामाहाचं ४० एचपीचं फोर स्ट्रोक मशीन. पहिली होडी डॉल्फिनवाली, कर्ली खाडी समुद्राला मिळते त्या संगमातून बाहेर पडून भोगवे-निवतीच्या बाजूला जाते. दुसरी मालवणात किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला असते. तिसरी कर्ली खाडीतच फिरते, त्सुनामी आयलंड आणि कांदळवन दाखवायला, तिचं मशीन सेकंडहँड घेतलेलं आहे, बाकीची दोन नवी घेतली होती.

दरवर्षी तेलावरून वाद होतो म्हणून यंदा सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय. आमचे तांडेल (होडी चालवणारे) काका म्हणतात, "अरे तेल खयचाय घाल, मशिनाक काय कळता." त्यांची निम्मी जिंदगी टू स्ट्रोकवर गेली, त्यात २टी तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं की काम संपलं, ते तेल जळून जायचं आणि पुढच्या वेळी नवीन. फोर स्ट्रोकमध्ये तेच तेल महिनोन्‌महिने आत फिरत राहतं आणि त्यात काय काय मिसळतं ते बाहेरून दिसत नाही, सगळी भानगड तिथेच आहे.

३ सप्टेंबर

मॅन्युअल घेऊन बसलो. एपीआयचा (तेलाचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) दर्जा दिलाय, आणि ग्रेडचा, म्हणजे तेल किती जाड त्याचा, तक्ता हवेच्या तापमानाप्रमाणे आहे. पहिलं तेल २० तासांनी बदला, मग दर १०० तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल ते.

१०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू वाला आकडा थंडीतल्या स्टार्टिंगचा. १०डब्ल्यू तेलाची थंड परीक्षा उणे २५ डिग्रीला होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. आपल्याकडे जानेवारीत पहाटे १६-१७ झालं तरी लोक कानटोपी घालतात. म्हणजे देवबागात १० काय न २० काय, स्टार्टिंगला फार फरक नाही. मागचा आकडा महत्त्वाचा, तो १०० डिग्रीला तेल किती जाड राहतं त्याचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडपणा मोजायचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. हे आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवलेत, पुढे लागतील.

९ सप्टेंबर

आउटबोर्डच्या तेलाच्या डब्यावरचा एफसी-डब्ल्यू शिक्का काय प्रकार आहे ते काकांना समजावताना माझंच डोकं साफ झालं. अमेरिकेतली बोटवाल्या उद्योगांची संघटना आहे, एनएमएमए, टू स्ट्रोकच्या तेलाला टीसी-डब्ल्यू३ शिक्का देणारे तेच. त्यांनी २००४ पासून फोर स्ट्रोकच्या तेलासाठी हा वेगळा शिक्का सुरू केला. गाडीच्या तेलाला जे पास व्हावं लागतं ते तर हवंच, वर आणखी बघतात की गंज चढतो का, फेस येतो का, पाणी शिरल्यावर फिल्टर चोंदतो का आणि रगडल्यावर तेल पातळ होतं का. शिवाय खऱ्या आउटबोर्डवर १०० तास चालवून मशीन उघडून बघतात.

गाडीचं इंजिन हायवेला दोन-अडीच हजार आरपीएमवर निवांत चालतं, आउटबोर्ड फुल थ्रॉटलला पाच ते सहा हजार, आणि होडी वाळूवरून ढकलली की लगेच. थंड करायला रेडिएटर नाही, समुद्राचं पाणी सरळ आत जातं. त्यामुळे यातला थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, साधारण ६० डिग्रीलाच उघडतो, गाडीत तो ८०-९० ला असतो. खाऱ्या पाण्यात जास्त तापवलं तर मीठ जमतं म्हणून असं केलेलं असतं. पण त्यामुळे मशीन कायम थोडं गारच चालतं, आणि गार सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोल ओलं राहतं, रिंगांच्या फटीतून खाली उतरतं आणि तेलात मिसळतं. गरम इंजिनात ते परत उडून जातं, गार इंजिनात साचत राहतं.

काका म्हणाले, "मगे थर्मोस्टॅट कित्याक होयो?" हा प्रश्न तेव्हा हसण्यावारी गेला.

१२ सप्टेंबर

बाजारात फिरलो. मालवण-कुडाळच्या दुकानात बाइकचं २०डब्ल्यू-४० पाहिजे तेवढं, ट्रॉलरसाठी डिझेलचं १५डब्ल्यू-४०, गाडीचं ५डब्ल्यू-३० सिंथेटिक. एफसी-डब्ल्यू शिक्क्याचं तेल आउटबोर्डच्या डीलरकडून मागवावं लागतं आणि लिटरमागे बाइकच्या तेलाच्या दुपटीच्या वर जातं.

गाडीचं नवं पातळ तेल मी पहिल्या फेरीत बाद केलं. २००४ च्या एपीआय एसएम दर्जापासून पुढे ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० असल्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ८०० पीपीएमच्या वर चालत नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून. हा फॉस्फरस झीज थांबवणाऱ्या झिंकवाल्या अॅडिटिव्हमधून येतो. आमच्या मशिनाला कन्व्हर्टर नाही, मग ती कंजुषी आम्ही का सोसायची. आणि मायलेज वाढवायला पातळ केलेलं तेल पाच हजार आरपीएमवर तास तास चालणाऱ्या मशिनात घालायचं कारणच काय.

बाइकच्या तेलाचं जरा वेगळं आहे. त्यावर जासो एमए हा जपानी दर्जा लिहिलेला असतो, ते बाइकच्या ओल्या क्लचसाठी, क्लच घसरू नये म्हणून. आउटबोर्डात तसला क्लच नाही, खाली गिअरकेसमध्ये दातात दात अडकणारा डॉग क्लच असतो आणि तो गिअर ऑइलमध्ये बुडलेला असतो. म्हणजे एमएचा फायदा नाही तसा तोटाही नाही. त्यातलं डिटर्जंट, झिंक वगैरे बरं असतं. कमी कुठे पडतं तर गंजात, बाइकच्या तेलाला खाऱ्या हवेची परीक्षा कोणी घेत नाही.

शेवटी मांडवली अशी झाली की पहिल्या आणि दुसऱ्या होडीत १०डब्ल्यू-३० एफसी-डब्ल्यू, तिसरीत काकांचं बाइकचं २०डब्ल्यू-४०, एपीआय एसएल. सीझनभर तिन्हीची नोंद ठेवायची.

२१ सप्टेंबर

तिन्हीचं तेल आणि फिल्टर बदलले, ड्रेन बोल्टचे वायसर नवे टाकले. गिअर ऑइलपण, तिथे वाद नाही, हायपॉइड ९० नंबर. पंख्याची (प्रोपेलरची) सील बघितली, ठीक आहे.

पोरांना एक गोष्ट बजावून ठेवली, तेलाची लेव्हल दाखवणारी काडी बघताना मशीन उभं पाहिजे. किनाऱ्यावर मशीन टिल्ट करून ठेवतात आणि तसंच खाली घेऊन लगेच काडी ओढतात, तेल अजून वरच्या कोपऱ्यात असतं, लेव्हल कमी दिसते, मग हे अजून ओततात. जास्त तेल म्हणजे फेस होणार आणि ब्रीदरमधून (आतली वाफ सोडणाऱ्या नळीतून) तेल हवेच्या बाजूला जाणार. सकाळी पहिली ट्रिप सुटायच्या आधी, मशीन रात्रभर उभं असताना, तेव्हाच बघायचं. वहीत फक्त लेव्हल, वास आणि रंग लिहायचा.

६ ऑक्टोबर

आज तिसऱ्या होडीची काडी वरच्या खुणेच्या वर बोटभर गेली. तेल कोणी घातलं नाही, तिघांना विचारून झालं.

काडी नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास सरळ डोक्यात जातो. बोटांच्या चिमटीत तेल घेऊन घासलं तर तार येत नाही, पाण्यासारखं सुटतं. तेल घालायची फिलर कॅप उघडली तर आतून पिवळट साय धरलेली. पाणी किती ते बघायला तवा तापवून गॅस बंद केला आणि अंगणात नेऊन दोन थेंब टाकले, थोडं तडतडलं. म्हणजे वाफेचं पाणी आहे पण समुद्र आत आलेला नाही. पेट्रोल मात्र भरपूर.

सगळ्यांनी बाइकच्या तेलावर खापर फोडलं. काका गप्प बसले, जे सहसा होत नाही. मला ते पटत नव्हतं. बाटलीतलं तेल कसलंही असो, ते स्वतःहून वाढत नाही, पेट्रोल वरून आलं म्हणून लेव्हल चढली. साधारण चार-पाच टक्के पेट्रोल मिसळलं की ४० चं तेल ३० सारखं वागायला लागतं, आणि ३० घातलेलं असतं तर ते ३० पण राहिलं नसतं.

तेल काढलं. यावेळी मुद्दाम पहिल्या दोन होड्यांचंच १०डब्ल्यू-३० घातलं, तेलाचा दोष असेल तर कळेल.

१९ ऑक्टोबर

कळलं. एफसी-डब्ल्यू घालूनही तिसऱ्या होडीची लेव्हल चढते आहे, वास तोच. दुसऱ्या होडीची काडी जागच्या जागी. पहिलीची किंचित वर, डॉल्फिन शोधताना ती होडी तासभर रांगत असते, पण येताना निवतीपासून संगमापर्यंत चांगली पळते, तेवढ्यात बरंचसं उडून जात असणार. खाडीतली होडी कधी पळतच नाही. कांदळवनात तर हजार-बाराशे आरपीएमच्या वर जायचं कामच नाही, पक्षी उडतात आणि गिऱ्हाईक चिडतं.

नुसत्या हळू चालण्याने एवढं होईल असं वाटत नाही. उद्या तापमान बघतो.

२० ऑक्टोबर

मित्राकडून इन्फ्रारेड गन आणली. तिन्ही होड्या जेट्टीला बांधून अर्धा तास आयडलवर ठेवल्या आणि सिलिंडर हेडवर एकाच जागी गन धरली. पहिल्या दोन्ही पन्नाशीच्या वर. तिसरी चाळीसलाही पोचत नाही. पाणी अठ्ठावीस-एकोणतीस असेल.

मशिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पिचकारी मात्र तिसरीचीच सगळ्यात जोरदार. पोरं पिचकारी बघून सर्टिफिकेट देतात. पिचकारी एवढंच सांगते की पंप पाणी वर फेकतोय, ते पाणी आत किती वेळ थांबतं आणि किती तापतं ते तिच्यातून कळत नाही.

थर्मोस्टॅटचं कव्हर उघडायला घेतलं. बोल्ट मिठाने धरलेले, गंजाचा स्प्रे मारून रात्रभर सोडले, हीट गनने शेकवले, मग १० च्या पान्याने केसाकेसाने सुटले. कव्हरवर जुनं गॅसकेट व्यवस्थित, सिलिकॉनपण लावलेलं. आत थर्मोस्टॅटच नाही. जागा कोरी, कडेने पांढरं मीठ.

जुन्या मालकाच्या मेकॅनिकने कधीतरी काढून फेकला असणार. आपल्याकडे ही पद्धतच आहे, "गरम देश आहे, थर्मोस्टॅट कशाला, काढून टाक, मशीन थंड चालेल." मशीन थंड चालतं खरं. तेवढंच पेट्रोल तेलात उतरतं, सिलिंडर झिजतो, प्लग काळे होतात, आणि इंजिनाचा सेन्सर इंजिन अजून गारच आहे समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो.

२५ ऑक्टोबर

नवा थर्मोस्टॅट आला. बसवायच्या आधी दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. साठीच्या आसपास हलायला लागला, सत्तरला पूर्ण उघडा. काका स्टुलावर बसून सगळं बघत होते. बसवला, तेल परत बदललं, आणि त्यांच्या हट्टाखातर परत बाइकचं २०डब्ल्यू-४० घातलं. हट्ट म्हणतो खरा, पण मलाही बघायचंच होतं.

१७ नोव्हेंबर

दिवाळीची गर्दी ओसरली. तिन्ही होड्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यात होत्या, माणसं मोजून घेतली तरी जड. तिसऱ्या होडीची लेव्हल वरच्या खुणेला टेकून थांबलेली आहे, वर गेली नाही. वास थोडासा आहे, तो राहणारच. आता नियम केलाय की खाडीतली होडी दिवसाच्या शेवटच्या ट्रिपनंतर रिकामी घेऊन संगमापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चार हजारावर पळवून आणायची. पेट्रोल जातं म्हणून काका कुरकुरतात. पोरं खूश.

२९ नोव्हेंबर

मुंबईच्या लॅबला पाठवलेल्या सॅम्पलचे रिपोर्ट आले. तिसऱ्या होडीचं ऑक्टोबरात काढलेलं १०डब्ल्यू-३० हे ९.३ च्या खाली गेलेलं, म्हणजे कागदोपत्रीसुद्धा ३० ग्रेड उरलेलं नाही, फ्लॅश पॉइंटपण (तेलाची वाफ पेट घेते ते तापमान) पडलेला. पहिल्या होडीचं ३० च्या हद्दीत पण खालच्या टोकाला. दुसरीचं आरामात.

नव्या तेलाचं सॅम्पल सोबत पाठवलं होतं ते कामाला आलं. रिपोर्टात सोडियम दिसलं की समुद्राचं पाणी शिरलं असं सगळे म्हणतात, पण काही तेलांच्या अॅडिटिव्हमध्येच सोडियम असतं. कोऱ्या तेलाचा आकडा शेजारी नसेल तर उगाच घाबरायचं आणि हेड उघडायचं. आमचं वाढलेलं नव्हतं.

३० नोव्हेंबर

पेट्रोलबद्दल एक. पंपावर आता ई२० येतं, आउटबोर्डची मॅन्युअलं १० टक्के इथेनॉलच्या वर नको म्हणतात. इथेनॉल हवेतली ओल पितं आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की टाकीत खाली वेगळा थर बसतो. यावर आमच्या हातात काही नाही, टाकी भरून ठेवायची, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावायचा आणि त्याची वाटी रोज बघायची. तेलाच्या बाजूने एवढंच की जे पेट्रोल खाली उतरतं त्यातला इथेनॉल पाणी घेऊन उतरतो, म्हणजे गार चालणाऱ्या मशिनाला दुप्पट कारण झालं तेल लवकर बदलायला.

८ डिसेंबर

गंजाची परीक्षा घरीच लावली. एकाच डब्यातले साधे लोखंडी बोल्ट घेतले, पॉलिश पेपरने पांढरे होईपर्यंत घासले, पेट्रोलने पुसले. काही बाइकच्या तेलात बुडवले, काही एफसी-डब्ल्यूत, काही ट्रॉलरच्या डिझेल तेलात. निथळवून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये समुद्राच्या पाण्याने अर्ध्या भरलेल्या बादलीवर तारेला टांगले, वरून गोणपाट. सकाळ-संध्याकाळ फवाऱ्याने खारं पाणी मारायचं. लॅबवाले हसतील पण आमचं मशीन लॅबमध्ये उभं राहत नाही, याच शेडमध्ये राहतं.

१४ डिसेंबर

बाइकच्या तेलातल्या बोल्टांवर आट्यांच्या टोकाला तपकिरी ठिपके आले, एकावर तर डोक्याखाली पूर्ण कडं. डिझेलवाले त्यापेक्षा बरे, पण आट्यांत सुरुवात आहे. एफसी-डब्ल्यूवाले अजून साफ, भिंगातून बघितलं तर एकाच्या टोकावर बारीकसा डाग. काकांनी तो बोल्ट उन्हात धरून फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "ह्या मातर खरा असा." मग लगेच, "पण महाग असा."

महाग आहेच. पण या मशिनात एकावेळी तेल जातं ते दोन लिटरच्या आत. फरकाचे पैसे एका डॉल्फिन ट्रिपमध्ये निघतात, आणि कॅमशाफ्टवर गंजाचे खड्डे पडले तर हेड उघडायचं बिल वेगळं.

३ जानेवारी

नाताळ-न्यू इयरची धांदल, वहीत पोरांनी लिहिलेल्या लेव्हल सोडून काही नाही. सगळ्या ठीक.

१८ फेब्रुवारी

तिसऱ्या होडीचं तेल ५० तासांवर बदललं, १०० ची वाट बघितली नाही. हळू चालणाऱ्या होडीला आता हाच नियम. तास म्हणजे काम नव्हे, खाडीत रांगलेला तास समुद्रात पळलेल्या तासापेक्षा तेलाला जास्त महागात पडतो, आणि मीटरला दोन्ही सारखेच.

थर्मोस्टॅट बसल्यानंतर बाइकचं २०डब्ल्यू-४० रंगाने काळं झालं तरी बोटावर तार धरतं, लॅबला पाठवायची गरज वाटली नाही. म्हणजे रोज चालणाऱ्या मशिनात ते तेल चालतं, यात काकांचा मुद्दा बरोबर आहे. भांडण न चालता उभ्या राहणाऱ्या मशिनाचं, म्हणजे गंजाचं आहे.

पुढचं सगळं १०डब्ल्यू-४० एफसी-डब्ल्यू घ्यायचं ठरवलं. तक्त्यात ते बसतं, पेट्रोलने पातळ व्हायला ३० पेक्षा जागा जास्त आहे, आणि तिन्ही होड्यांना एकच डबा म्हणजे पोरांनी चुकीचं ओतायची सोय राहत नाही. एकाने विचारलं की मग २०डब्ल्यू-५० का नको, अजून जाड. थर्मोस्टॅट नसलेल्या मशिनात जाड तेल घालून पेट्रोल लपवता येतं, थांबवता येत नाही.

११ एप्रिल

पहिल्या होडीत १०डब्ल्यू-४० घालून महिना झाला. दोन्ही तांडेल चालवताना काही फरक जाणवत नाही म्हणतात, जाणवायला नकोच. काडी जागेवर आहे, वास कमी.

जुनं तेल साठवलेले कॅन भरलेत. खाडीत एक थेंब जाता कामा नये, तिथेच कालवं-तिसऱ्या अशा शिंपल्या काढणाऱ्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या असतात. कुडाळला जुनं तेल घेणारा अधिकृत माणूस मिळालाय, पुढच्या फेरीला नेतो.

२७ मे

सीझन बंद. होड्या वर ओढल्या. दरवर्षी आम्ही तेल ऑगस्टात सीझनच्या तोंडावर बदलायचो, यंदा आताच बदललं. जुन्या तेलात पेट्रोल, पाणी आणि जळलेल्याचं अॅसिड असतं, ते तीन महिने पावसाळी हवेत बेअरिंगला चिकटून ठेवण्यात अर्थ नाही. गोड्या पाण्याने फ्लश, नवं तेल घालून मशीन तापेपर्यंत चालवलं म्हणजे ते सगळीकडे फिरलं, मग सिलिंडरमध्ये गंज धरू नये म्हणून फॉगिंग स्प्रे.

तिन्हीत १०डब्ल्यू-४० एफसी-डब्ल्यू आहे. काकांनी तिसऱ्या होडीच्या काऊलिंगवर (मशिनाच्या झाकणावर) आतून मार्करने लिहून ठेवलंय, "थर्मोस्टॅट काढू नये". पहिली होडी भरलेली असताना फुल थ्रॉटलला पाच हजार आरपीएम गाठत नाही असं एप्रिलपासून दिसतंय, पंख्याची पिच (पात्यांचा तिरकेपणा) जास्त असावी, ते पावसाळ्यात बघायचं.